संरक्षणाचा पैसा संसदेतून कसा येतो आणि कुठे अडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो आणि संध्याकाळपर्यंत 'संरक्षणाला विक्रमी तरतूद' ही ओळ सगळीकडे फिरते. पुढचे काही आठवडे संसदेत त्या तरतुदीचं काय होतं, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. हे पान त्या पुढच्या आठवड्यांबद्दल आहे. आमची भूमिका आधीच सांगतो, म्हणजे वाचताना शंका नको: सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी, वर्ष संपलं तरी परत न जाणारा निधी कायद्याने उभा राहावा, या मागणीला आमचा पाठिंबा आहे. पण डोळे मिटून नाही.

संरक्षणावर खर्च करायला दर वर्षी वेगळा कायदा लागतो का?

लागतो, फक्त त्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे भारताच्या संचित निधीतून कायद्याशिवाय एक रुपयाही काढता येत नाही. हा कायदा म्हणजे विनियोजन अधिनियम. आधी मंत्रालयं लोकसभेपुढे अनुदानाच्या मागण्या ठेवतात (अनुच्छेद ११३), लोकसभा त्या मंजूर करते, मग सगळ्या मंत्रालयांचं मिळून एकच विनियोजन विधेयक येतं (अनुच्छेद ११४). ते धन विधेयक असल्यामुळे राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या चार असतात: नागरी खर्च, तिन्ही दलांचा महसुली खर्च (पगार आणि रोजच्या गरजा), भांडवली खर्च (शस्त्रखरेदी, संशोधन, बांधकामं) आणि निवृत्तिवेतन. म्हणून 'संरक्षणाचं बजेट' असं एकवचनात बोललं, की निम्मा घोटाळा तिथेच होतो. एका मागणीतला पैसा दुसरीकडे सहज वळवता येत नाही.

आकडा नेमका किती, आणि तो कशावर जातो?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये दिले गेले. केंद्राच्या एकूण खर्चाच्या हे साडेतेरा टक्के होतात. रुपयाचा हिशोब मांडला तर साधारण २६ पैसे भांडवली खर्चाला, २९ पैसे पगार-भत्त्यांना, २४ पैसे निवृत्तिवेतनाला, १७ पैसे दारूगोळा, सुटे भाग, इंधन, दुरुस्ती, सराव अशा रोजच्या गरजांना, आणि उरलेले ४ पैसे सीमा रस्ते संघटना, तटरक्षक दल वगैरे नागरी मागणीत मोडणाऱ्यांना.

भांडवली खर्चाचे १ लाख ८० हजार कोटी ऐकायला मोठे वाटतात. त्यातले सुमारे १ लाख ४९ हजार कोटी आधुनिकीकरणाचे, बाकीचे संशोधन आणि बांधकामांचे. आणि आधुनिकीकरणाच्या रकमेतलाही मोठा वाटा जुन्या करारांचे हप्ते फेडण्यात जातो. नव्या खरेदीला हातात काय उरतं हे मथळ्यातून कधीच कळत नाही.

'सज्जता' म्हणजे काय? नवी विमानं आली की सज्जता वाढली असं नाही का?

नाही. संचलनात दिसतं ते सामर्थ्य. सज्जता म्हणजे तोफेला गोळे किती दिवस पुरतील, ताफ्यातली किती विमानं आज सकाळी उडू शकतात, वैमानिकाला सरावाचे किती तास मिळाले, सियाचीनच्या जवानाला योग्य कपडे-बूट मिळाले का. यातलं बहुतेक सारं महसुली खर्चात येतं, म्हणजे वर सांगितलेल्या सतरा पैशांत. ओढाताण झाली की पहिली कात्री तिथेच लागते, कारण पगार थांबवता येत नाही आणि करारांचे हप्ते चुकवता येत नाहीत. सराव थोडा कमी केला तर बातमी होत नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल. तीव्र युद्ध झालं तर ४० दिवस पुरेल एवढा दारूगोळा साठ्यात असावा, असं लष्कराचं प्रमाण होतं. २० दिवसांचा साठा ही खालची मर्यादा. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅगने १५२ प्रकारांची पाहणी केली, तेव्हा पूर्ण ४० दिवसांचा साठा फक्त ३१ प्रकारांचा निघाला. ८३ प्रकार २० दिवसांच्या खाली होते आणि त्यांतले ६१ तर १० दिवसांच्याही खाली. याच सप्टेंबरमध्ये उरीचा हल्ला झाला. त्यानंतर मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तातडीच्या खरेदीचे करार धडाधड झाले आणि उपसेनाप्रमुखांना खरेदीचे वाढीव अधिकार मिळाले. गलवाननंतर २०२० मध्ये पुन्हा तेच: तिन्ही दलांना ३०० कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीची मुभा. संकट आलं की पैसा मिळतो, यात शंका नाही. पण तो घाईत मिळतो, आणि घाईच्या गिऱ्हाइकाला बाजारात कोण स्वस्त देतं?

कारगिलच्या वेळी तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक 'जे आहे त्यानिशी लढू' या अर्थाचं बोलले होते. ते वाक्य आपण अभिमानाने सांगतो. खरं तर ते अर्थसंकल्प करणाऱ्यांनी खाली मान घालून ऐकायचं वाक्य आहे.

लष्कराने पैसे कमी पडतात असं उघडपणे कधी सांगितलं आहे का?

सांगितलं आहे, आणि संसदेलाच सांगितलं आहे. २०१८ मध्ये तेव्हाचे उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे साक्ष दिली. मेजर जनरल (निवृत्त) भुवनचंद्र खंडुरी समितीचे अध्यक्ष होते. साक्षीतला हिशोब असा: लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आदर्श प्रमाण प्रत्येकी एक तृतीयांश मानलं जातं. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी, तर आधीच चालू असलेल्या १२५ योजनांचे देणेच २९,०३३ कोटी. म्हणजे नवं काही घेणं दूर, जुनी देणीसुद्धा भागत नव्हती.

समितीचा हा अहवाल १३ मार्च २०१८ रोजी सभागृहापुढे आला. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, लोकसभेने संरक्षणासह सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना गिलोटिन लावून संमत केल्या. अहवाल वाचायला कुणाला एक रात्र तरी मिळाली असेल का, हा प्रश्न आम्हाला अजून पडतो.

गिलोटिन म्हणजे?

ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकदम मताला टाकतात. गोंधळामुळे कामकाज वाया गेलं की चर्चा न होता सगळंच एका फटक्यात मंजूर होतं. २०१८ मध्ये झालं, २०२३ मध्येही झालं, आणि त्या दोन्ही वेळी वेगवेगळ्या कारणांसाठी गोंधळ घालण्यात सत्ताधारी आणि विरोधक कुणीच मागे नव्हते.

मग विरोधी खासदाराने कपात सूचना आणली तर ती सैन्याविरोधी ठरते का?

अजिबात नाही. कपात सूचना हे संसदेचं जुनं हत्यार आहे. धोरणावर नापसंती दाखवायची तर मागणी एक रुपयावर आणा असं म्हणतात, विशिष्ट तक्रार मांडायची तर शंभर रुपये कापा म्हणतात. त्या शंभर रुपयांनी तोफ थांबत नाही. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, एवढंच. समाजमाध्यमांवर अशा खासदाराला गद्दार ठरवणाऱ्यांनी स्थायी समितीचे अहवाल चाळावेत. पैसे वाढवून द्या, असं सरकारला सर्वांत जास्त वेळा याच समितीने सांगितलं आहे आणि तिच्यात सगळ्या पक्षांचे खासदार असतात.

पैसा मिळूनही तो परत जातो म्हणतात. हे खरं आहे?

खरं आहे, आणि आमच्या मते खरा रोग इथेच आहे.

जिल्हा परिषदेत किंवा पालिकेत काम केलेल्या कुणालाही मार्च एंड समजावून सांगावा लागत नाही. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते. रस्त्याच्या कामात याचा अर्थ घाईघाईने ओतलेलं डांबर. पाणबुडीच्या बाबतीत तो काय होईल, हे एका उदाहरणावरून बघू. स्कॉर्पीन वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली आणि सहावी, वागशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी. एक करार, वीस अर्थसंकल्प. या काळात पैसे कधी द्यायचे हे बांधणीच्या टप्प्यांवर ठरतं, ३१ मार्चवर नाही. टप्पा एप्रिलवर गेला की या वर्षीचा पैसा परत, आणि पुढच्या वर्षी तेच देणं नव्या वर्षाच्या डोक्यावर.

शिवाय मधे डिसेंबरच्या सुमाराला सुधारित अंदाज येतो. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ७६८ कोटी झाले, म्हणजे सुमारे १२ हजार कोटींनी कमी. वर्षअखेरीस 'भांडवली तरतूद पूर्ण वापरली' अशी बातमी आली. ती चूक नव्हती, पण पूर्ण वापरली ती कापलेली तरतूद. त्याच वर्षी मंत्रालयाने २ लाख ९ हजार कोटींचे विक्रमी १९३ करार केले, ही चांगली गोष्ट. त्यांचे हप्ते मात्र पुढच्या अनेक अर्थसंकल्पांनी फेडायचे आहेत.

यावर सुचवलेला कायदेशीर उपाय कोणता?

व्यपगत न होणारा आधुनिकीकरण निधी. कल्पना नवी नाही. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी २५ हजार कोटींचा असा निधी जाहीर केला होता. निवडणुकीत सरकार बदललं आणि तो कागदावरच राहिला. पुढे एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा मिळून सुमारे २ लाख ३८ हजार कोटींच्या निधीची शिफारस केली. पैसे संचित निधीतून, संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीतून आणि वापरात नसलेल्या लष्करी जमिनींतून यायचे होते. सरकारने शिफारस तत्त्वतः मान्य केली. 'तत्त्वतः' हा सरकारी मराठीतला फार सोयीचा शब्द आहे.

जमिनींबद्दल आम्ही साशंक आहोत. पुण्या-खडकीत रस्तारुंदीसाठी लष्कराच्या जागेचा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याला, पाच वर्षांत अशा जमिनींतून पैसा उभा राहील हे कोण पटवून देणार?

अर्थ मंत्रालय या निधीला का कचरतं? त्यांचं काहीच बरोबर नाही का?

बरंच बरोबर आहे. त्यांचा पहिला मुद्दा असा की वर्षाच्या मध्ये कमी पडलं तर पुरवणी मागण्यांची सोय आहेच (अनुच्छेद ११५). दुसरा अधिक गंभीर: दर वर्षी लोकसभेपुढे हात पसरायला लागणं हीच लोकशाहीतली लगाम आहे, आणि पैसा निधीत साचला की ती सैल होते. तिसरा व्यवहाराचा: सरकार कर्ज काढून खर्च करतं, मग कर्जाऊ पैसा पाच वर्षं पडून का ठेवायचा?

तरीही आम्ही निधीच्या बाजूने आहोत, कारण पुरवणी मागणी ही मेहेरबानी असते. करार करताना वाटाघाटींच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला मेहेरबानी गृहीत धरता येत नाही. लगामेची भीती मात्र कायद्यातच दूर करता येईल. निधीत पैसा टाकताना आणि काढताना, दोन्ही वेळा विनियोजनाची मंजुरी लागेल. शिल्लक रकमेला कमाल मर्यादा असेल. कॅगची तपासणी आणि स्थायी समितीपुढे वार्षिक हिशोब सक्तीचा असेल. केंद्रीय रस्ते निधीसाठी संसदेने २००० साली कायदा केला, तेव्हा असा निधी घटनेत बसत नाही असं म्हणायला जागा नाही. या अटींशिवायचं विधेयक आलं, तर आम्ही त्याला पाठिंबा देणार नाही.

निधी झाला की सज्जतेचा प्रश्न सुटेल?

नाही. निधीने पैसा वाढत नाही, फक्त तो वाया जाणं थांबतं. काही अडचणी पैशाच्या नसतातच. ८३ तेजस मार्क १ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. पैसा होता, मागणी होती, पण अमेरिकेतून येणारी इंजिनं रखडली आणि विमानं ठरलेल्या वेळी हवाई दलाला मिळाली नाहीत. इकडे सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनांपुढे हवाई दलाचा आकडा तिशीच्याही खाली गेला. कायदा करून इंजिन बनत नाही.

संरक्षणावर जीडीपीच्या ३ टक्के खर्च करायला हवा, हे योग्य आहे का?

संसदीय समितीनेही हा आकडा सुचवला आहे. २०२५-२६ चा खर्च साधारण १.९ टक्के भरला. टक्केवारीचा आग्रह आम्हाला फारसा पटत नाही, कारण ३ टक्के देऊनही पैसा पगारात आणि परतीच्या वाटेवर गेला, तर दारूगोळ्याचं कोठार रिकामंच. आधी खर्चाची घडी बसवावी.

उलट टोकाचा धडा मात्र विसरू नये. १९६२ पर्यंत खर्च आखडता ठेवला. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ च्या अर्थसंकल्पात मोरारजी देसाईंना संरक्षणासाठी एकदम ८६७ कोटी काढावे लागले. त्यासाठी अतिरिक्त नफ्यावर कर आला, सक्तीची बचत योजना आली. त्याच काळात सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या नियमाने गावोगावच्या सोनारांच्या पोटावर पाय आला. यशवंतरावांच्या काळातच पुढे १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली, सव्वाआठ लाखांचं लष्कर हे उद्दिष्ट ठरलं. संथपणे केलेला खर्च नेहमी स्वस्त पडतो.

निवृत्तिवेतन कमी केलं तर शस्त्रांना पैसा उरेल ना?

हिशोबाने उरेल. २०२५-२६ मध्ये निवृत्तिवेतनाला १ लाख ६१ हजार कोटी होते, लाभार्थी ३४ लाख. पण ज्याने तिशी-पस्तिशीत सैन्य सोडलं, त्याला दिलेला शब्द मोडून तोफा घ्यायच्या, हे सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या फौजी गावात जाऊन बोलून दाखवावं. २०२२ ची अग्निपथ योजना पुढच्या काळातला हा भार कमी करेल, कारण चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतात आणि बाकीचे सेवा निधी घेऊन बाहेर पडतात. चार वर्षांच्या शिपायाने सज्जता वाढते की घटते, यावर माजी सेनाधिकाऱ्यांतच दोन तट आहेत. आमचं म्हणणं एवढंच की हा निर्णय पैसे वाचवण्याच्या नावाखाली नव्हे, तर लढण्याच्या कसोटीवर तोलला जावा.

अमेरिकेत दर वर्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा होतो. आपल्याकडे का नाही?

तिकडच्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न येतो. अमेरिकेत दोन पायऱ्या आहेत. एका कायद्याने काँग्रेस संरक्षण खात्याचे कार्यक्रम अधिकृत करते. १९६१ पासून हा कायदा दर वर्षी होतो. प्रत्यक्ष पैसा दुसऱ्या, विनियोजन कायद्याने मिळतो. तो १ ऑक्टोबरपर्यंत झाला नाही तर तात्पुरत्या ठरावावर जुन्याच दराने गाडा ओढावा लागतो आणि नवे कार्यक्रम सुरू करता येत नाहीत. आपली लोकसभा वेळ चुकवत नाही, कारण तशी वेळ आलीच तर लेखानुदानाची, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देण्याची, सोय आहे. त्यांच्याकडून घ्यावं ते कलम-कलमावर होणारी चर्चा. वेळापत्रक मुळीच नको.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, जिथे ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. मुंबईत माझगाव डॉक. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात. वरणगाव, भुसावळ, भद्रावती, भंडारा, अंबरनाथ, देहूरोड या गावांचं अर्थकारण ऑर्डरींवर हलतं. दारूगोळ्याची मागणी एका वर्षी दुप्पट आणि दुसऱ्या वर्षी निम्मी झाली, तर तिथला ठेकेदार माणसं ठेवू शकत नाही. खासगी उद्योगाला पंधरा वर्षांचं चित्र दाखवा, असं पुण्याच्या विजय केळकरांच्या समितीने २००५ मध्येच सांगितलं होतं.

मी थेट सैन्याला पैसे देऊ शकतो का?

शस्त्रांसाठी नाही. सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी बँक खातं उघडल्याचा संदेश २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरला. तो खोटा असल्याचं सरकारने स्पष्ट केलं, तरी काकालोक तो पाठवतातच. जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी मात्र १९६२ पासूनचा राष्ट्रीय संरक्षण निधी आहे, आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. पावती घ्या.

अशा निधीच्या विधेयकाला पाठिंबा द्यायचा तर नागरिकाने करायचं काय?

संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी आणि हिंदीत आहेत, भाषा रुक्ष आहे, पण प्रत्येक दलाने किती मागितलं, किती मिळालं आणि किती खर्च झालं याचे तक्ते कुणालाही कळतील. ते तक्ते बघून तुमच्या खासदाराला पत्र लिहा. 'सैन्याला पाठिंबा द्या' असं मोघम लिहू नका, त्याला कुणीच नाही म्हणणार नाही. तीन गोष्टी विचारा: संरक्षणाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा व्हावी म्हणून तुम्ही काय केलंत? व्यपगत न होणाऱ्या निधीवर तुमचं मत काय? समितीच्या मागच्या शिफारशींपैकी सरकारने किती स्वीकारल्या, हे तुम्ही प्रश्नोत्तराच्या तासात विचारलंत का? पत्र जानेवारीत पाठवा. मार्चमध्ये पाठवलं तर ते गिलोटिननंतर पोहोचेल.